पंधराव्या जागचं शून्य

माझा राग उतू जाणाऱ्या दुधासारखा आहे. बघता बघता वर येतो आणि खाली बसला तरी ओटा घाण करून बसतो. हे आमचे आप्पा म्हणायचे, आमचे हे म्हणतात, आणि आता माझी लेक अपेक्षाही म्हणायला लागली आहे. वनीनं तेवढं कधी म्हटलं नाही. ती नुसती हसायची. त्या वनीशी मी बारा वर्षं एक शब्द बोलले नव्हते. ती काही सातासमुद्रापार नव्हती. मी केजमध्ये, ती तेलगावला, जीप वेळेवर मिळाली तर तास-सव्वा तासाचा रस्ता. आणि तरी बारा वर्षं.

वनी म्हणजे वनमाला. पाचवीपासून माझ्या बाकावर बसणारी, आणि माझी कावेरीची कावी करणारी. तिच्या घरी शेती, आमच्या घरी किराणा दुकान. शाळा सुटली की ती घरी न जाता आमच्या दुकानात यायची, कारण आमचे आप्पा. माझे वडील, शंकरप्पा. सावकाश बोलणारे, कपाळाला भस्म, आणि डोक्यात पाढे. नुसते बे एके बे नाही, पावकी, निमकी, दिडकी, सगळं. गिऱ्हाईक नसलं की ते आम्हा दोघींना समोर बसवायचे आणि एखादी संख्या फेकायचे. “सांगा बरं, हिला नवानं भाग जातो का?” आम्ही आकड्यांची बेरीज करून सांगायचो. मी बरोबर सांगितलं की आप्पा मान हलवायचे. वनीनं सांगितलं की गूळ द्यायचे. मला विचाराल तर हा उघड पक्षपात होता, पण गूळ ती अर्धा मला द्यायची, म्हणून मी चालवून घेतलं.

आठवीत असताना वनीनं एक खेळ काढला. आम्ही त्याला ‘वाढती’ म्हणायचो. एकीनं एक आकडा लिहायचा. दुसरीनं त्याच्या उजवीकडे दुसरा लिहायचा, पण असा की दोन आकडी संख्येला दोननं भाग गेला पाहिजे. मग पहिलीनं तिसरा, आता तीननं. चौथ्याला चारनं, पाचव्याला पाचनं. म्हणजे बघा, ३. मग ३६, दोननं जातो. ३६०, तीननं जातो. ३६०८, चारनं जातो. असं जाईल तिथवर जायचं. पुढं कुठलाच आकडा बसेना, काहीही लावलं तरी बाकी उरते, असं झालं की संख्या आटली. हा शब्द वनीचा. तिच्या शेतातल्या बोअरला जे व्हायचं तेच ती आकड्यांना म्हणायची. बहुतेक संख्या अकराला, तेराला आटायच्या. एकदा एक सोळापर्यंत गेली तर आम्ही दोघींनी दुकानात फुगड्या घातल्या होत्या.

मग लग्नं झाली. माझं केजमध्येच, रवीशी. त्यांचं भांड्यांचं दुकान. माहेर दोन गल्ल्या पलीकडे, म्हणजे लग्न झालं की नुसती खोली बदलली असं आप्पा चिडवायचे. वनी तेलगावला मोहनरावांच्या घरी गेली. ऊस, कापूस, ट्रॅक्टर, आणि दारात कायम चार-सहा पुढारी चहा पीत बसलेले. घर मोठं, पण बाईमाणसाला उंबरा ओलांडायचा तर चार जणांना विचारायला लागायचं. गणितात शाळेत पहिली आलेली पोरगी दीडशे भाकरीला पीठ किती लागेल याचा अंदाज बांधत बसली. तिला वाईट वाटायचं की नाही माहीत नाही. मला वाटायचं.

घराघरांत मोबाईल आले तेव्हा वनीच्या घरी बायकांसाठी एक फोन होता, तो फडताळावर असायचा, आणि फडताळाखाली तिच्या सासूबाई, छबुबाई, बसलेल्या असायच्या. बोलायचं तर त्यांच्या कानासमोर. मग काय बोलणार? “बरी हाय. तू? पोरं बरी हायेत.” संपलं. तेव्हा वनीनं डोकं चालवलं. मिस्ड कॉल. त्या काळात सगळं जगच मिस्ड कॉलवर चालायचं. जीपवाला आला की एक, पोरगी बीडला पोचली की दोन. आम्ही वाढती मिस्ड कॉलवर खेळायला लागलो. दर सोमवारी, दिवेलागणीपासून आठ वाजेपर्यंत, एक आकडा. एका सोमवारी तिची पाळी, पुढच्या सोमवारी माझी. आठ पाठवायचा तर आठ वेळा वाजवून कट करायचं.

“आन् शून्य आलं तर?” मी विचारलं होतं.

“तर वाजवायचंच न्हाई,” वनी म्हणाली. “गप बसायचं. म्या समजून घेईन.”

किती सोपं वाटलं होतं तेव्हा.

छबुबाई विचारायच्या, “कोण मेलं सारखं सारखं वाजवतंय?” वनी सांगायची, “कंपनीवाले हायेत, आत्या.” कंपनीवाल्यांना छबुबाईंनी ज्या शिव्या दिल्या असतील त्या सगळ्या माझ्या वाट्याच्या होत्या. तिची पाळी असली की वनी फोन घेऊन गोठ्यात जायची. तिकडून गायींच्या साक्षीनं आकडा यायचा. मी हातातलं काम टाकून मोजायची. एक, दोन, तीन. कधी पाचवर थांबायचं, आणि मला कळायचं की तिला अजून पाच सुचतोय, म्हणजे ती ठीक आहे. वनीशी माझं जे काही उरलं होतं ते एवढंच होतं, आणि एवढं मला पुरत होतं.

तर ती संख्या. वनीनं तीन दिला. मी सहा दिला. लगेच दुसऱ्या दिवशी तिनं फोनवर हसून घेतलं, “पयल्या झटक्यालाच छत्तीसचा आकडा कावून गं?” मी म्हटलं, भाग जातोय ना, मग झालं. पुढं तिचं शून्य, म्हणजे एक सोमवार गप गेला, आणि मी भाग लावून पाहिला, तीननं जात होता, खूश झाले. मग माझा आठ. असं करत चौदा सोमवार गेले आणि चौदा आकडे झाले. मी ते जोडीजोडीनं पाठ केले होते, पोळ्या लाटताना म्हणायची: छत्तीस, शून्य आठ, बावन्न, अठ्ठ्याऐंशी, पन्नास, छत्तीस, चौऱ्याऐंशी. चौदावा आकडा, तो शेवटचा चार, माझा होता. आता वनीची पाळी होती.

त्या आठवड्यात गुरुवारी आप्पा गेले.

सकाळी दुकान उघडायला निघाले आणि पायरीवरच बसले. दुपारी आम्ही त्यांना माती दिली. गाव लोटलं होतं. मी दाराकडं बघत होते. वनी आली नाही. शुक्रवारी आली नाही. ज्या माणसानं आपल्या पोरीच्या आधी तिला गूळ दिला, त्याच्या मातीला ती आली नाही. शनिवारी मी फोन लावला, मिस्ड कॉल नाही, खरा. आणि तिनं उचलल्यावर जे तोंडाला येईल ते बोलले. “लई मोठ्या घरची झालीस बाई. आमच्यासारख्या दुकानदाराच्या मातीला कशाला येशील? पुढाऱ्याची बायको तू.” आणखीही बोलले, ते लिहीत नाही. पलीकडून वनी नुसतं “हां… हां…” म्हणत होती, दुकानात मालाची यादी ऐकून घ्यावी तसं. त्या हां-हांनी मी आणखी पेटले आणि फोन ठेवून दिला.

सोमवार आला. तिची पाळी. मला वाटलं, आज काहीतरी येईल. आकडा नको, एकदा तरी खरा फोन येईल, रडेल, भांडेल. दिवेलागणी झाली. सात वाजले. आठ वाजले. फोन वाजला नाही. मी त्या रागात भाग लावायला बसलेच नाही. आप्पा गेल्यापासून पेन्सिल हातात धरवत नव्हती, आणि धरवली असती तरी मी काय तिच्या आकड्याची वाट बघत होते? मी तिची वाट बघत होते. मनात म्हटलं, बरं. तू गप, तर मीही गप.

पुढचा सोमवार माझा होता. मी फोन तांदळाच्या डब्यात ठेवला आणि झाकण लावलं. वाजवलं नाही.

तिसऱ्या सोमवारी फोन वाजला आणि कट झाला. पुन्हा वाजला. मी ओट्यापाशी उभी राहून मोजलं, सवयच ती. सात वेळा. आमचे हे बाहेरून म्हणाले, “अगं, कोन हाय बघ तरी.” मी म्हटलं, “कोण न्हाई. आता कळ आली असंल. सातदा काय, सत्तर वेळा वाजवू दे.” मी उचलला नाही, उलट काही दिलं नाही. पुढच्या सोमवारीही नाही. त्यानंतर तिकडून कधीच वाजला नाही. सहा-आठ महिन्यांनी यांनी घरातले सगळे नंबर बदलले, आणि माझा नवा नंबर मी तिला कळवला नाही.

दोन वर्षांनी तेलगावची बबिता नावाची बाई दुकानात हंडा घ्यायला आली. बोलता बोलता तिच्याकडून कळलं की त्या आठवड्यात मोहनरावांच्या घरी निवडणुकीच्या पंगती चालू होत्या, छबुबाई अंथरुणाला खिळलेल्या, आणि स्वयंपाकाची सगळी मदार वनीवर. “येक दिवस नुसती चुलीम्होरं बसून रडत व्हती,” बबिता म्हणाली. “धूर लागला म्हनं.” मी हंडा बांधून दिला. आत येऊन बसले. तेव्हा तरी फोन करायचा की नाही? नाही केला. माझं म्हणणं होतं की ठीक आहे, येता आलं नाही, पण मी एवढं बोलल्यावर निदान त्या सोमवारी एक अक्षर? ती गप राहिली ते मला गिळवत नव्हतं. येणं तिच्या हातात नव्हतं. फोन तर होता.

मधल्या वर्षांत मी तिला एकदाच पाहिलं, तेही फ्लेक्सवर. बस स्टँडसमोर मोहनरावांच्या वाढदिवसाचा हा मोठा फ्लेक्स लागला होता, आणि कोपऱ्यात हात जोडलेली वनी, ‘सौ. वनमालाताई’. केस पिकलेले. त्यांनी तिला फोटोत हसायला लावलं होतं, आणि ते हसू तिचं नव्हतं. तो फ्लेक्स चार दिवस होता. चारही दिवस मी दही आणायला त्या बाजूनं गेले. घरी दही कुणी खाईना इतकं साठलं. सोमवारी संध्याकाळी मात्र बारा वर्षं माझं एकच काम: फोन हाताशी ठेवायचा आणि आपण तो हाताशी ठेवलेला नाही असं स्वतःला सांगायचं. नंबर बदलल्यावर तिच्याकडून वाजणं शक्यच नव्हतं. तरीही.

आता गेल्या महिन्यातलं सांगते. अपेक्षा बीडला क्लासला असते, बँकेच्या परीक्षांचा. शनिवारी घरी येते आणि मोबाईल घेऊन माझ्या मागं ओट्यापाशी बसते. मी भाकरी थापत होते. ती म्हणाली, “मम्मी, क्लासच्या ग्रुपवर सरांनी एक भारी नंबर टाकलाय. पंचवीस आकडी. पहिल्या दोन आकड्यांना दोननं भाग जातो, पहिल्या तीनला तीननं, चारला चारनं, असं शेवटपर्यंत. अशा संख्या वीस हजारांच्या वर आहेत, पण पंचवीसपर्यंत पोचणारी जगात एकच. आणि तिच्यापुढं सव्विसावा आकडा लागतच नाही. आहे ना भारी?”

भाकरी हातातच राहिली. मी म्हटलं, वाच.

“थ्री, सिक्स, झिरो, एट, फाइव्ह, टू, एट, एट…”

इंग्रजीतून मला पहिल्यांदा उमगेना. मग तोंड आपोआप चालू झालं. “पन्नास, छत्तीस, चौऱ्याऐंशी.”

अपेक्षानं मान वर केली. “चौऱ्याऐंशी म्हणजे एटी फोर का सेव्हंटी फोर?” ही आमची आजची पिढी. मी म्हटलं, “एटी फोर. पुढं काय हाय?”

“एटी फोर बरोबर. तुला कसं माहीत? पुढं झिरो, झिरो, सेव्हन.”

मी खाली बसले. तव्यावरची भाकरी जळाल्याचा वास आला तो अपेक्षाला आला, मला नाही.

झिरो, झिरो, सेव्हन. एक गप सोमवार. दुसरा गप सोमवार. तिसऱ्या सोमवारी सात.

अपेक्षाला मी पहिल्यांदा सगळं सांगितलं. ऐकून ती म्हणाली, “पण मम्मी, योगायोग असेल. ती रागावली असेल, म्हणून गप बसली असेल.” मलाही तेच हवं होतं की काय कोण जाणे, म्हणजे बारा वर्षांचा माझा राग खरा ठरला असता. मी दुकानातला भांडी बांधायचा कागद उलटा केला आणि पेन्सिल घेतली. मोबाईलच्या कॅलक्युलेटरनं इतक्या मोठ्या संख्येपुढं हात टेकले होते, आणि बरंच झालं. हे हातानंच करायचं होतं.

पंधराव्या जागी काय बसतं? पंधरानं भाग जायचा तर शेवटी शून्य किंवा पाच हवा, आणि आकड्यांच्या बेरजेला तीननं भाग गेला पाहिजे. आमच्या चौदा आकड्यांची बेरीज सहासष्ट. तीननं जाते. पाच लावला तर एकाहत्तर, जात नाही. शून्य लावलं तर जाते. म्हणजे शून्य. दुसरा कुठलाच आकडा नाही. वनीला गप बसण्यावाचून गत्यंतरच नव्हतं. मी तिला नको नको ते बोलल्यावर, घर पाहुण्यांनी भरलेलं असताना, तिनं सोमवारी कुठंतरी बसून भाग लावला होता, शून्य काढलं होतं, आणि मला पाठवलं होतं. तिच्या बाजूनं काही तुटलंच नव्हतं. त्या ‘हां… हां…’नंतरचं तिचं उत्तर हे होतं, आणि मी ते ऐकलं नाही, कारण ते ऐकू येणारं नव्हतं.

सोळावी जागा माझी. सोळाचा भाग शेवटच्या चार आकड्यांवरून कळतो. तिथं आठ, चार, शून्य आणि मग माझा आकडा. आठ हजार चारशे, सोळानं भागले, बरोबर सव्वापाचशे. बाकी काही नाही. म्हणजे इथंही शून्यच, दुसरं काही चालतच नाही. मी रागानं फोन तांदळाच्या डब्यात कोंबला होता, आणि गणित बरोबर आलं होतं! वनीला काय वाटलं असेल? कावीनं आप्पा गेल्याच्या दुःखातही भाग लावला, शून्य काढलं, कावी अजून खेळतेय, कावीनं मला माफ केलं. असंच वाटलं असणार. म्हणून पुढच्या सोमवारी ती फोन घेऊन गोठ्यात गेली आणि सात वेळा वाजवलं. सतराचा भाग सोपा नाही, लांबलचक करावा लागतो. मी करून पाहिला. सातच येतो.

आणि अठरावा माझा होता. तो तर बोटांवर येतो. बेरीज त्र्याहत्तर, नवानं जायला एक्याऐंशी हवी, म्हणजे आठ. सम आहे, झालं. आठ वेळा वाजवायचं होतं. मी शून्य दिलं, म्हणजे काहीच दिलं नाही, आणि शून्य तिथं बसत नाही. वनीनं भाग लावला असेल, बाकी उरली असेल, आणि तेव्हा तिला कळलं असेल की हे शून्य नाही, ही कावेरी गेली. जगात एकच अशी संख्या की जी शेवटपर्यंत जाते, ती आम्हा दोघींच्या हाताला लागली होती, आणि ती काही आपणहून आटली नव्हती. मी बुजवली होती.

कागदावर डोकं ठेवून मी रडले. अपेक्षानं जळकी भाकरी काढून टाकली आणि गॅस बंद केला.

सोमवारची वाट बघितली. शनिवारीच फोन करता आला असता, पण मन धजेना. वनीचा जुना नंबर पाठ होता. तो चालू असेल का, कुणाकडं असेल, वनी तरी आहे का, असले विचार दोन दिवस केले. अपेक्षा त्या सोमवारी मुद्दाम बीडला गेली नाही. दिवेलागण झाली. मी देवापाशी दिवा लावला, लिंगपूजा झाली, आणि फोन घेऊन बसले. नंबर लावला. वाजला! कट केला. एक. पुन्हा. दोन. पुन्हा. तीन.

चौथ्याला मी कट करायच्या आतच कुणीतरी उचलला. “हालो? कोन बोलतंय? सारखं सारखं कट कावून करायलाव?” तरणा आवाज. मी घाबरून कट केला.

अपेक्षा हसायला लागली. “मम्मी, आता मिस्ड कॉल कुणी देतं का? फोन हातातच असतो सगळ्यांच्या.”

“आता चौथा मोजायचा का न्हाई?” मी म्हटलं. मला खरंच प्रश्न पडला होता. उचललेला मिस्ड कॉल कसा धरायचा?

तेवढ्यात तिकडूनच फोन आला. अपेक्षानं माझ्या हातात दाबून धरला, उचल म्हणाली. उचलला.

“म्या राजनंदिनी बोलतीय, तेलगावहून. तुमी कोन?”

“वनमाला… हायेत का?” मी विचारलं.

“आत्या? हायेत की. माळवं निवडायल्यात. कोन म्हणून सांगू?”

हायेत की. आत्या म्हणत होती, म्हणजे वनीची सून. नाव सांगायला तोंड उघडलं आणि नाव येईना. नाव ऐकून तिनं नाही म्हटलं असतं तर? मी म्हटलं, “नाव नको. त्यास्नी नुसतं सांगा, आठ.”

“आठ काय? आठ वाजता?”

“नुसतं आठ म्हणा, बाई.”

राजनंदिनीनं फोन बाजूला धरून हाक मारली ती मला स्पष्ट ऐकू आली. “आत्या! कोनतरी बाई हाय. नाव सांगना. आठ म्हनतीय निस्ती.”

मग ताट खाली पडल्याचा आवाज. पावलं, घाईची. फोन या हातातून त्या हातात गेल्याची खरखर. आणि कुणीतरी जोरानं घेतलेला श्वास.

“सहा,” वनी म्हणाली.

एकोणीस आकडी संख्येला एकोणीसनं भागायचं म्हणजे चेष्टा नाही. मी शनिवारी करून बघितलं होतं, दोनदा चुकले, तिसऱ्यांदा सहा आला. वनीला ताट टाकून फोनपर्यंत यायला लागला तेवढाच वेळ लागला.

“कधी काढलास गं?” मी विचारलं.

“सात दिला त्याच दिवशी,” ती म्हणाली. “तुजा आठच येनार व्हता, दुसरं काय बसतंय तितं? म्हनून माझा सहा काढून ठिवला. म्हनलं, कावीचा आठ आला की लगीच देता यील.” ती थांबली. “लई येळ लावलास, कावे.”

मला बोलायचं होतं. आप्पांचं, पंगतींचं, चुलीपुढच्या धुराचं, सगळं कळलं होतं ते सांगायचं होतं, चुकले म्हणायचं होतं. हुंदक्यानं शब्दच फुटेना. फोनवर नुसतं माझं नाक ओढणं. अपेक्षानं माझ्या पाठीवर हात ठेवला. पलीकडं वनी वाट बघत होती, आणि मी गप होते.

“कावे,” ती एकदम घाबऱ्या आवाजात म्हणाली, “आता पाळी तुजी हाय. विसावा आकडा. शून्य हाय, मला म्हाईत हाय. पर आज गप बसू नको. म्या हात जोडते. तोंडानं सांग.”

“शून्य,” मी म्हणाले.

“हां,” वनी म्हणाली, आणि मग तीही रडायला लागली.